तो आमच्याकडे नव्हता

आमच्या भागात मुलीची सोयरीक पक्की करण्याआधी तीन ठिकाणी चौकशी करतात. एक मुलाच्या शेजारी, दुसरी तो कामाला असतो तिथे, आणि तिसरी अशा माणसाकडे, जो सगळ्यांना ओळखतो पण कोणाच्याच घरचा नसतो. पूर्वी ही तिसरी जागा शाळेतल्या मास्तरांची किंवा पोस्टमनची असायची. गेल्या काही वर्षांत ती माझ्याकडे आली. मी काही ती मागितली नव्हती.

मी मलकापूरला एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमची इमारत कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या पलीकडे, रस्त्यापासून थोडी आत. हंगामात आमच्या खिडकीच्या जाळीवरसुद्धा कापसाचे तंतू येऊन चिकटतात. माणूस गेटाशी येतो, चपला काढायच्या की नाही याचा विचार करत उभा राहतो आणि म्हणतो, "ताई, सहज आलतो." व्यसनमुक्ती केंद्रात सहज कोणीही येत नाही. त्याच्याबरोबर पेशंट नसला, तर तो चौकशीला आलेला असतो.

चौकशीचाही एक नियम आहे, तो इथे वाढलेल्या प्रत्येकाला न शिकवता कळतो. चौकशीला गेलेल्या माणसाने आपल्याजवळचं आधी सांगायचं नाही. त्याला सगळं ठाऊक असलं तरी कोरा चेहरा करून विचारायचं, म्हणजे समोरच्याचं खरं किती आणि खोटं किती ते कळतं. माझ्या वेळी माझे काका असेच फिरले होते. आमच्या यांच्या घराला लागूनच राहणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं होतं, "या गल्लीत असे असे कोनी राह्यतात का?"

माझ्या कामाचाही एक नियम आहे, तो या नियमाच्या अगदी उलटा. आमच्याकडे कोण आलं हे बाहेर सांगायचं नाही. आत काय बोलला हे तर नाहीच, पण आला होता की नव्हता, हेसुद्धा नाही. भरती होणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे सांगते. त्यावर त्याची सही असते, माझीही असते. हा नियम मी मोडत नव्हते. मला वाटत होतं की मी मोडत नव्हते.

झालं असं होतं की एकदा आमच्या बोअरची मोटर जळाली. तिचं वायंडिंग नव्याने बांधून द्यायला एक तरुण माणूस दोन-तीनदा आला. त्याला गेटातून निघताना कोणीतरी पाहिलं, आणि महिनाभरात त्याचं ठरलेलं लग्न मोडायला आलं. मुलीची आत्या माझ्यापुढे येऊन बसली. मी नियमाप्रमाणे गप्प बसायला हवं होतं. पण मला राग लवकर येतो. गावाला काही उद्योग नाही आणि एका कष्टाळू माणसाच्या नावाला काळं लागतंय, याचा मला इतका राग आला की मी म्हणाले, "अहो, तो आमच्याकडे नव्हता. मोटर बांधायला आला होता." लग्न झालं. पेढे आले.

त्या पेढ्यांची मला चटक लागली असं म्हटलं तरी चालेल. त्यानंतर जो आमच्याकडे नव्हता, त्याच्याबद्दल कोणी विचारलं की मी सरळ सांगू लागले, नव्हता. आणि जो होता, त्याच्याबद्दल म्हणू लागले, "मी कोणाबद्दल सांगत नाही." एखाद्या निर्दोष माणसाचं भलं होतंय, आणि माझ्या पेशंटबद्दल तर मी काहीच बोलत नाही, मग बिघडलं कुठे?

आमचे केंद्रप्रमुख सर नाशिककडचे. मोजकं बोलणारे. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "आज तुम्ही 'नव्हता' म्हणता. मग ज्या दिवशी गप्प बसाल, त्या दिवशी समोरचा काय समजेल?"

मी म्हणाले, "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची हे मलाही कळतं. पण तुम्हाला इकडची माणसं माहीत नाहीत."

"मला इकडची माणसं माहीत नाहीत," ते म्हणाले, "पण मूठ एकदा अर्धी उघडली की ती झाकलेली राहत नाही, हे माहीत आहे."

मला त्यांचा राग आला. बाहेरून येऊन आम्हाला शिकवतात, असंही मनात आलं. ते बरोबर बोलत होते हे कळत होतं, म्हणूनच राग आला असावा.

आता त्या माणसाबद्दल सांगते. तो एका जिनिंगमध्ये फिटर होता. वय तिशीच्या आसपास. थोरल्या भावाने त्याला जीपमध्ये घालून आणला तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की सही करायला त्याला पाच मिनिटं लागली. पण अंगठा लावायला तो तयार नव्हता. "मले लिहता येते," म्हणाला. चार महिने राहिला. त्या चार महिन्यांत आमच्या केंद्रातला एकही नळ गळका राहिला नाही, एकही दार करकरलं नाही. बोलायला मात्र त्याला फार वेळ लागायचा. गटात बसला की शेवटी एखादं वाक्य बोलायचा, आणि ते वाक्य मी घरी घेऊन जायचे.

केंद्रातून सुटी झाल्यावर तो दर गुरुवारी भेटीला यायचा. आणि रोज संध्याकाळी सात वाजता मला एक मिस्कॉल द्यायचा. जिनिंगची पाळी सुटण्याची ती वेळ, आणि तिथून घरी जायच्या रस्त्यावरच दारूचं दुकान. ते दुकान मागे पडलं की एक रिंग. मी उचलायचा नाही, असं ठरलं होतं. उचलला तर त्याचं बोलणं होणार, बोलण्याची सवय होणार, आणि मग तो माझ्या आधाराने उभा राहणार, स्वतःच्या नाही. माझा खाजगी नंबर देणं हेही तसं नियमात बसत नव्हतं. सरांना मी ते सांगितलं नव्हतं.

चौदा महिने तो मिस्कॉल आला. सात वाजता मी कणीक मळत असायचे किंवा मुलीचा अभ्यास घेत असायचे. एक रिंग झाली की माझ्या खांद्यांवरचा ताण उतरायचा. माझी मुलगी म्हणायची, "आई, तुझं सातचं झालं." ते कोण, कशासाठी, तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंही नाही.

त्याच्या लग्नाचं चाललंय, हे त्याने मला एका गुरुवारी सांगितलं. मुलगी रोहिणखेडकडची, मामाकडे वाढलेली, अंगणवाडीत मदतनीस. मी विचारलं, "तुमचं इथलं त्यांना सांगायचं का, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवलंय का?"

"सांगीन," तो म्हणाला. "सांगा तं लागनच. पन कसं सांगू, ते पाहून राह्यलो."

पुढच्या गुरुवारी मी रजेवर होते. घराला रंग चालू होता. तो येऊन गेला, मी नाही म्हणून परत गेला. काय सांगायला आला होता, ते मी विचारलं नाही. सातचा मिस्कॉल येत होता, तेवढं मला पुरे होतं.

त्यानंतरच्या सोमवारी मुलीचा मामा आला. पांढरा शर्ट, पायजमा, खिशाला पेन. "ताई, सहज आलतो," म्हणाला. पाणी दिलं, ते पूर्ण प्यायला. पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलला. मग म्हणाला, "आमच्या भाचीसाठी दोन स्थळं पाहून राह्यलो. तुमाले सारे ओळखतात, म्हनून आलो. तुमी खोटं बोलत नाई, असं आयकलं."

आधी त्याने मोताळ्याकडच्या एका मुलाचं नाव घेतलं. तो आमच्याकडे नव्हता. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाही, हा आमच्याकडे नव्हता."

मग त्याने दुसरं नाव घेतलं. फिटरचं.

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. टेबलावर त्याचा रिकामा पेला होता, पेल्याच्या तळाशी एक थेंब होता. माझ्या लक्षात आलं की सर म्हणाले होते तो दिवस आज आला. आता मी "मी कोणाबद्दल सांगत नाही" म्हटलं, तर तो हो समजून उठेल. पहिल्याबद्दल सांगितलंत, मग याच्याबद्दल काऊन नाही? गप्प बसणंही आता सांगणंच होतं. चौदा महिने दुकानावरून मान खाली घालून जाणाऱ्या माणसाचं लग्न माझ्या गप्प बसण्याने मोडणार होतं.

मी म्हणाले, "नाही. हाही आमच्याकडे नव्हता."

आवाज जरासुद्धा हलला नाही. मामाने माझ्याकडे नीट पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं."

"कधीच नव्हता?"

"कधीच नाही."

तो हात जोडून उठला. जाताना त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं, उन्हाचा आलाय, थकला असेल. मी खूश होते, हे कबूल केलं पाहिजे. म्हातारा मला पेचात पकडायला आला होता आणि मी निसटले, असं मला वाटत होतं. घरी जाताना मी स्वतःसाठी कचोरी घेतली.

शनिवारी सात वाजता मिस्कॉल आला नाही.

सव्वासात झाले. साडेसात झाले. पाळी लांबली असेल. फोन चार्जिंगला असेल. मी पोळी तव्यावर टाकली आणि विसरले, मुलीने येऊन गॅस बंद केला. आठ वाजता मी आमचा नियम मोडला आणि त्याला फोन लावला. बंद. रविवारीही बंद. माझ्या हाताला कुठे थारा नव्हता. मी कपाट आवरायला काढलं आणि अर्धंच ठेवलं. यांच्यावर चिडले, मुलीवर चिडले, भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडले. त्याच्या भावाला फोन करावा, तर भावाला मिस्कॉलचं माहीत नव्हतं. "तुमचा भाऊ रोज मला फोन करायचा," असं एका बाईने सांगायचं कसं?

सोमवारी सकाळी मी त्याच्या जिनिंगपर्यंत गेले. सरकीचा वास, कापसाच्या गाड्यांची रांग, फाटकावर वॉचमन. तो म्हणाला, "कोन पायजे, मॅडम?" नाव घेतलं की तो विचारणार, तुम्ही कोण? इथल्या कितीतरी जणांनी मला आमच्या केंद्राच्या कार्यक्रमांत माइकवर बोलताना पाहिलं होतं. माझं त्या फाटकाशी उभं राहणं हेच त्याच्या नावावर शिक्का मारण्यासारखं होतं. "कोणी नाही, रस्ता चुकले," असं म्हणून मी वळले. जन्म मलकापुरात गेलेली बाई जिनिंगचा रस्ता चुकते. वॉचमन बघत राहिला.

दुपारी फिटर स्वतःच आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. गुरुवार नव्हता तरी तो सरळ माझ्या खोलीत येऊन बसला आणि हात मांड्यांखाली दाबून धरले. हात का दाबले ते मला लगेच कळलं.

"मॅडम, तुमी मले ओळखत नाई म्हने."

"मी कधीच इथं नव्हतो म्हने. चार महिने तुमच्याइथं मी नळच दुरुस्त करत होतो का?"

मग त्याने सांगितलं. ज्या आठवड्यात मी भिंतींना रंग लावून घेत होते, त्या आठवड्यात त्याने मुलीला आणि तिच्या मामाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. किती प्यायचो, काय काय विकलं, आईवर एकदा हात कसा उगारला, कोणत्या केंद्रात किती महिने होतो. आणि शेवटी म्हणाला होता, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिथल्या मॅडमला विचारा. त्या खोटं बोलत नाहीत. गुरुवारी तो हेच मला सांगायला आला होता.

मामाने आपल्या रीतीप्रमाणे कोरा चेहरा ठेवून मला विचारलं. आणि मी माझ्या हुशारीने सांगितलं, नव्हता. कधीच नाही. पक्कं.

"मामा म्हनले, पेत होता हे तं साऱ्या गावाले माहीत हाये, ते का लपवीन? पन दवाखाना केला म्हनून सांगतलं, तो कुठी केलाच नाई. म्हनजे दारू सुटली बी नाई. लबाड हाये हा, म्हनले. उद्या आमच्या पोरीलेबी असंच फसवीन." तो थांबला. "माह्या आयुष्यात मी एकच गोष्ट पुरी खरी सांगतली होती, मॅडम. अन् तीच खोटी पडली."

मी विचारलं, "शनिवारी?"

"हाव," तो म्हणाला. "शनवारी घेतली. काल बी. आज नाई."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण तसं म्हटलं की आपला दोष थोडा कमी झाल्यासारखा वाटतो. मी त्याला वाचवायला खोटं बोलले, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. चौकशीला आलेल्या माणसांपुढे माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते मला आवडत होतं. कोणाचं लग्न जुळावं, कोणाचं अडावं, हे माझ्या एका वाक्यावर होतं. त्याच्याबद्दलचं खरं त्याचं होतं. ते सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं होतं आणि त्याने ठरवलंही होतं. मी त्याला न विचारता ते पुसून टाकलं. हे मी त्याच्यापुढे नीट बोलू शकले नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "ते तं हायेच."

मी सरांना बोलावलं. मिस्कॉलसकट सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला विचारलं, आता काय करायचं हे तुम्ही सांगा. तुमची परवानगी असेल तरच मॅडम तिथे जाऊन बोलतील, आणि तुम्ही जेवढं म्हणाल तेवढंच बोलतील.

संमतीपत्राचा कागद पुढे ठेवला. त्याचे हात पुन्हा पहिल्या दिवसासारखे कापत होते. त्याने हळूहळू लिहिलं की मी इथे चार महिने होतो आणि नंतर चौदा महिने गुरुवारी येत होतो, हे मॅडमने सांगावं. मग पेन थांबलं.

"शनवारचं?" मी विचारलं. माझ्या मनात काय होतं ते सांगते. माझ्या मनात होतं की त्याने शनिवारचं लिहू नये. लग्न जुळू दे, शनिवार आपल्यात राहू दे. इतकं सगळं होऊनही माझं मन पुन्हा झाकाझाकीकडेच धावत होतं.

"ते तुमी नोका सांगू," तो म्हणाला. मला सुटल्यासारखं झालं. मग तो म्हणाला, "ते मी सांगतो."

तीन दिवसांनी आम्ही रोहिणखेडला गेलो. एसटीत तो पुढच्या सीटवर, मी मागे, बरोबर दिसायला नको म्हणून. जुन्या मशिदीच्या बाजूने उतरून आत गल्लीत घर होतं. मामा ओसरीवर होता. त्याने मला बसा म्हटलं, त्याला म्हटलं नाही. मुलगी आतल्या दारात उभी राहिली, हातात अंगणवाडीचं रजिस्टर तसंच होतं, नुकतीच आली असावी.

मी बोलले. म्हणाले, हा माणूस आमच्याकडे चार महिने होता. नंतर दर गुरुवारी येत होता. मागच्या सोमवारी मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्या कामात कोणाचं काही सांगायचं नसतं म्हणून बोलले, पण खोटं बोलायची परवानगीही माझ्या कामात नाही.

मामाने आधी त्याच्याकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, मंग मले आता सांगा. तुमी तवा खरं बोलल्या का आता?"

माझ्याजवळ कागद होता, त्यावर त्याची सही होती, मी तो पुढे केला. मामाने तो हातात घेतलाही नाही. ज्या शब्दाच्या जोरावर मी इतकी वर्षं फिरत होते, तो त्या ओसरीवर अर्ध्या मिनिटात संपला.

तेव्हा फिटर उभ्यानेच म्हणाला, "अजून एक हाये. शनवारी अन् रईवारी मी पेलो. चौदा महिन्यानं. त्याच्यानंतर नाई. आज चौथा दिवस हाये."

मामा उठलाच. "आयकलं?" तो मुलीकडे वळून म्हणाला. "झालं समाधान?"

मुलगी दारातून बाहेर आली. तिचा आवाज लहान मुलांना रांगेत बसवणाऱ्या बाईचा होता, वर न चढणारा पण ऐकू येणारा. ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी तवा यायले वाचवासाठी खोटं बोलल्या. आज बी यायले वाचवासाठीच आल्या असान. तुमचं मी धरत नाई." मग मामाला म्हणाली, "पन शनवारचं यायले कोनं इचारलं होतं, मामा? कोनंच नाई."

मामा पुन्हा खाली बसला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, लगेच नाही, असं ठरलं. कापसाचा हंगाम पुरता संपू दे, तोवर पाहू, असं तो म्हणाला. नाही म्हणाला नाही.

आम्ही निघालो तेव्हा मुलगी अंगणात माझ्यापर्यंत आली. खालच्या आवाजात विचारलं, "ते सात वाजता तुमाले मिस्कॉल देतात ना?"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामाचा नियम नीट पाळला. तिला हसू आलं. "त्यायनंच सांगतलं," ती म्हणाली. "आता तो मले येऊ द्या."

त्याची केस मी त्याच आठवड्यात सरांकडे दिली. तसं करणंच योग्य होतं. आता कोणीही चौकशीला आलं, मोटर बांधणाऱ्याची असो की दारू पिणाऱ्याची, मी एकच वाक्य बोलते: इथे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही. लोकांना ते आवडत नाही. साखरखेर्ड्याहून आलेल्या एका बाईने मला तोंडावर सांगितलं की तुम्हाला लेकराबाळांची काळजी नाही. तिच्या भाचीसाठी पाहिलेला मुलगा आमचा नव्हता. एका शब्दात तिचा जीव भांड्यात पडला असता. मी तो शब्द बोलले नाही, आणि दिवसभर कोणाशीच धड बोलले नाही.

हंगाम संपला. जाळीवरचे तंतू मी झाडून काढले. त्यांचं साक्षगंध झालं की मोडलं, मला माहीत नाही. मला बोलावणं येणं शक्य नव्हतं, आलं असतं तर मीच गेले नसते. मी तिथे दिसले की पाहुण्यांमध्ये कुजबुज होणार, ही इथे कशी? गुरुवारी मी मुद्दाम मागच्या खोलीत बसते, म्हणजे सरांच्या दाराशी कोण चपला काढतं ते दिसत नाही. पण कान असतातच. परवा गुरुवारी बेसिनजवळ कोणीतरी नळ घट्ट पिळून बंद केल्यासारखं वाटलं. मला राहवलं नाही. सगळे गेल्यावर मी सरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, "सर, तो येतो का हो अजून?"

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, इथे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कोणालाच सांगत नाही."

मला राग आला नाही. मी घरी आले, कणीक मळायला घेतली. मुलगी अभ्यासाला बसली होती. सात वाजले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली. मी फोन पालथा करून ठेवला आणि हाताला चिकटलेलं पीठ काढत बसले.